उत्तर: उत्तर: इंदूरची ब्लँकेटं

प्रेषक: विनय (सचिव)

नमस्कार मंडळी,

इथल्या, ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा हिशेब पुरा झाला. हॉल, मूर्ती, महाप्रसाद सगळं जाऊन अकराशे पाउंडांच्या आसपास शिल्लक आहे. हे पैसे इंदूरला जावेत असं बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं, कारण मंडळातली निम्मी घरं तिथलीच. माझा प्रस्ताव साधा आहे. डिसेंबरअखेर सरवटे बस स्टँड, एम. वाय. हॉस्पिटल आणि खजराना या भागांत उघड्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायची. माझा आतेभाऊ क्लॉथ मार्केटमधून घाऊक भावात घेऊन देईल, रामबागेतली चार पोरं गाडीतून वाटतील, संक्रांतीच्या पत्रकात फोटो येतील. हरकत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.

विनय

—

प्रेषक: मंजिरी, मँचेस्टर

विनयदादा,

हरकत आहे. जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

मी इथे बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेत केसवर्कर आहे. ब्लँकेटं आमच्याही गोदामात आहेत. पारा शून्याखाली जाणार असा अंदाज आला की कौन्सिल (इथली नगरपालिका) आणि संस्था मिळून जादा खाटा टाकतात, तेव्हा ती लागतात. वर्षभराचं काम मात्र निराळं आहे आणि त्याचे फोटो निघत नाहीत.

दारात आलेल्या माणसाला आम्ही आधी विचारतो: काल रात्री कुठे झोपलात, त्याआधी कुठे राहत होतात, घर का सुटलं, जवळ कागद कोणते? कारण इंग्लंडात बेघरांची जबाबदारी १९७७ च्या कायद्याने कौन्सिलवर टाकली, पण सगळ्यांची सारखी नाही. पोरंबाळं असलेलं कुटुंब, गरोदर बाई, वयामुळे किंवा आजारामुळे हतबल झालेला माणूस यांचा नंबर आधी. धडधाकट एकट्या पुरुषाला सल्ल्याचा कागद देऊन वाटेला लावलं तरी चालत असे. २०१७ चा नवा कायदा एप्रिल २०१८ पासून लागू झाला. आता घर जायची वेळ आली की आधीचे ५६ दिवस आणि गेलंच तर पुढचे ५६ दिवस कौन्सिलने मदत करायची, माणूस एकटा असला तरी. प्रत्यक्षात काउंटरवरचा माणूस विचारतो, ‘तुमचा या गावाशी संबंध काय?’ आणि समोरचा उठून निघून जातो. आमची जागा त्याच्या शेजारच्या खुर्चीत. उत्तर द्यायला लावायचं, कागद पुढे करायचा, नकाराचं पत्र आलं तर २१ दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज टाकायचा. बरेचदा नकाराचं पत्र आम्हाला मिळतं तेव्हा मुदत टळून गेलेली असते, कारण ज्याला पत्ताच नाही त्याला ते पत्र पोचणार कुठे?

यादीवरच्या पालकांसाठी एक जादा माहिती. शिकायला आलेल्या मुलांच्या व्हिसावर सरकारी मदत मिळणार नाही अशी अट असते. त्यातल्या कुणाची खोली गेली तर कौन्सिलकडून सल्ल्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. मग उरतात संस्था: कुणाच्या घरातली रिकामी खोली, चर्चच्या हॉलमधली रात्रीची सोय, व्हिसाचं काम बघणारा वकील. आपल्याकडची मुलंही या रांगेत असतात. घरी फोनवर मात्र ‘सगळं मस्त चाललंय’ असं सांगतात.

पुढे खोली मिळाली तर घरमालकाला डिपॉझिट हवं असतं. पुष्कळ ठिकाणी संस्था रोख रकमेऐवजी हमीपत्र लिहून देते, म्हणजे नुकसान झालं तरच पैसे जातात आणि तेच पैसे दुसऱ्याच्याही कामी येतात. किल्ली हातात पडली की आमचं खरं काम सुरू होतं. विजेचं मीटर आधी पैसे भरायचं असतं, ते कसं भरायचं? चार वर्षं रस्त्यावर काढलेल्याला पाकीट उघडून पत्र वाचायची धास्ती वाटते. रस्त्यावरचे दोस्त येऊन मुक्काम ठोकतात, शेजारी तक्रार करतात, भाडं थकतं, आणि सहा महिन्यांत माणूस पुन्हा बसथांब्यावर. या सहा महिन्यांत दर आठवड्याला दार ठोठावणारं कुणीतरी लागतं.

जुनी पद्धत अशी होती की आधी दारू सोड, औषधं वेळेवर घे, हॉस्टेलात नीट वाग, मग घर. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. आधी घर द्यायचं, बाकीचं त्या घरात राहून. फिनलंडने २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण म्हणून घेतलं आणि रात्रनिवाऱ्यांच्या जागी कायमच्या भाड्याची घरं केली. ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणून आता सगळे त्याचे गोडवे गातात, पण त्यातली एक अट विसरतात. एका कार्यकर्त्याकडे पाच ते सात माणसं, जास्त नाहीत. खर्च येतो तो या कार्यकर्त्याचा, आणि देणगीदाराला नेमकं त्याच्याच पगाराला द्यायचं नसतं. ‘आमचे पैसे गरिबाला गेले पाहिजेत, ऑफिसला नको,’ हे वाक्य मी दर डिसेंबरला ऐकते. अहो, ते ऑफिस म्हणजे मीच की!

तेव्हा इंदुरात असं शेजारच्या खुर्चीत बसणारं कुणी आहे का ते शोधा, आणि त्याला द्या.

मंजिरी

—

प्रेषक: श्रीकांतकाका, इंदूर

चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद. विनय, तुलाही.

पत्र दोनदा वाचलं. तिकडचा कायदा तिकडे. इथलं मी सांगतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरायला एम. वाय.वरून जातो, त्यामुळे डोळ्यांसमोर आहे.

पहिलं म्हणजे उघड्यावर झोपणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत. एम. वाय.च्या बाहेर जे असतात त्यांतले पुष्कळ पेशंटचे नातेवाईक. झाबुआ, अलिराजपूर, धार, खरगोनहून आलेले. त्यांना घर आहे, फक्त ते इथे नाही. सरवट्याच्या आसपास मजूर: दिवसा काम, रात्री फुटपाथ, आणि खोलीचं भाडं वाचवून गावी पैसे पाठवायचे. खजराना आणि राजवाड्याकडे म्हातारी माणसं, काहींना मुलांनीच आणून सोडलेलं. या तिघांना एकच ब्लँकेट देऊन तिघांचं सारखंच भागेल असं वाटत असेल तर विनय, तू इंदूर विसरलास.

आता ब्लँकेटांचं ऐक. जानेवारीत इथे ब्लँकेट वाटणाऱ्यांची लाइन लागते. व्यापारी असोसिएशन, नगरसेवक, वाढदिवसवाले. एकाच रात्रीत एकाच म्हाताऱ्याला तीन मिळतात. सकाळी तो ती ठेवणार कुठे? त्याला पेटी नाही, कपाट नाही, दिवसभर डोक्यावर घेऊन फिरता येत नाही. मग दोन विकतो, एक झाडाच्या फांदीत अडकवतो, ते संध्याकाळपर्यंत कुणी नेतं किंवा सफाईवाले कचऱ्यात टाकतात. शहर पुन्हा पुन्हा स्वच्छतेत पहिलं येतं, त्यात त्याचं ब्लँकेटही जातं.

रैन बसेरे, म्हणजे रात्रनिवारे, आहेत. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ते उभारायला सांगितलं, पुढे २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानात नियम आला: दर लाख वस्तीला शंभर जणांचा कायमचा निवारा, चोवीस तास उघडा, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत इंदूर जवळपास २० लाखांचं होतं. करा हिशेब. आणि असलेल्या बसेऱ्यांतही कुटुंबं जायला बघत नाहीत, कारण नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, आणि हातगाडी बाहेर. ती चोरीला गेली तर उद्याची रोजी गेली. काही ठिकाणी आधार कार्ड मागतात. ज्याचं घर गेलं त्याचं कार्डही त्याच पिशवीत गेलेलं असतं.

जानेवारी २०२१ आठवत असेल. पालिकेच्या गाडीतून म्हाताऱ्या बेघरांना देवास रस्त्याला क्षिप्रेजवळ नेऊन उतरवलं, गावकऱ्यांनी व्हिडिओ काढले म्हणून परत आणावं लागलं. एक उपायुक्त निलंबित झाले. पुढे १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचा हुकूम निघाला. तेव्हा विनय, तुझ्या चार पोरांना सांग, वाटपाचे फोटो काढताना जरा बघून, उद्या तोच पुरावा व्हायचा!

मंजिरी म्हणते तसा माणूस आहे. एका बसेऱ्यावर रात्रीचं रजिस्टर लिहायला असतो. त्याचं नाव इथे देत नाही, त्याला विचारलं नाही अजून. ड्यूटी संपली की एखाद्याला घेऊन आधार केंद्रावर जातो. गवंडीकाम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, मग डोळे, मग पुन्हा चक्कर. बसेऱ्याचा दाखला पत्ता म्हणून चालवून घ्यायला भांडतो. त्यानंतर समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, कारण आपल्या मध्य प्रदेशात त्याच्याशिवाय पेन्शनचा अर्जसुद्धा पुढे सरकत नाही. त्यानंतर बँक. मतदार यादीचं त्याने सांगितलं तेव्हा मीच चकित झालो: बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही, बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याने, रात्री जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहायचं, तेही एकाहून जास्त रात्री. नियम आहे. बीएलओला रात्री बाहेर काढायचं काम याचं.

येण्याजाण्याचं पेट्रोल, झेरॉक्स, फोटो सगळं स्वतःच्या खिशातून.

श्रीकांत

—

प्रेषक: सुलभाताई, सध्या रेडिंग (मुलाकडे)

नर्स म्हणून सरकारी हॉस्पिटलात जन्म गेला, म्हणून दोन ओळी.

श्रीकांतरावांच्या तीन प्रकारांत चौथा राहिला. अंगावर चिंध्या, स्वतःशी बोलणारा. त्याला ना बसेरा घेतो ना नातेवाईक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला संरक्षणात घेऊन तपासणीला नेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य केलं आहे. पण उपचार झाले की वॉर्डातून कुठे सोडायचं? पत्ता नाही म्हणून बरा झालेला माणूस महिनोन्‌महिने खाट धरून बसतो.

कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशांना बरं करून थेट गावी पोचवते. माणूस कुठली भाषा बोलतो यावरून गाव शोधतात. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो याच कामासाठी. ज्यांना घरचे घेतच नाहीत त्यांच्यासाठी चेन्नईच्या ‘बनियन’ या संस्थेने वस्तीतच भाड्याची घरं घेतली, चार-पाच बायका एका घरात, स्वयंपाक त्यांचा त्या करतात, मदतनीस सोबत. मोठा आश्रम बांधण्यापेक्षा मला हे शहाणपणाचं वाटतं. इंदुरात आपल्या लोकांची रिकामी घरं किती पडली आहेत, मुलं परदेशी म्हणून कुलूप! ती कुणी देईल असं मात्र मला वाटत नाही. मीही माझं देईन का, खरं सांगू का, माहीत नाही.

सुलभा

—

प्रेषक: पराग (खजिनदार)

मंडळी, भावना ठीक, पण कायद्याचं बघा. आपलं मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेलं आहे. भारताच्या परदेशी देणग्यांबद्दलच्या एफसीआरए कायद्यानुसार आपला पैसा म्हणजे परदेशी निधी. ज्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे तिलाच तो घेता येतो, तोही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही, पूर्वी ही मर्यादा ५० होती. म्हणजे आतेभावाच्या खात्यात मंडळाचे पैसे टाकून ब्लँकेटं घ्या, हे माझ्या सहीने होणार नाही.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या बचतीतून, बँकेमार्फत व्यक्तिशः दिलं तर ते परदेशी निधीत मोडत नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेले ओसीआय कार्डवाले मोडतात, म्हणजे मीसुद्धा.

पराग

—

प्रेषक: विनय (सचिव)

मग असं करू. मंडळाची शिल्लक इथेच राहू दे. मंजिरीने सांगितलेल्या, व्हिसाच्या अटीत अडकलेल्यांच्या कामाला ती द्यावी, यावर पुढच्या बैठकीत मत घेऊ. इंदूरसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांची वेगळी यादी करतो. दरमहा थोडे, वर्षभर. मी पहिला.

पण काका, मी सचिव आहे, मला लोकांची मनं ठाऊक आहेत. झेरॉक्स आणि पेट्रोलला वर्षभर कुणी देत नाही. चार महिन्यांत यादी अर्धी होईल. दाखवण्यासारखं काहीतरी एक हवं.

विनय

—

प्रेषक: श्रीकांतकाका, इंदूर

काल रात्री जाऊन त्या मुलाला विचारलं. पहिल्यांदा म्हणाला, मला काही नको. मग म्हणाला, लॉकर द्या. लोखंडी, कुलूपवाले, खालच्या ओळीचे मोठे, ज्यात मजुराची हत्यारं मावतील. सामान ठेवायची सोय झाली तर निम्मे लोक फुटपाथ सोडून आत येतील, असं त्याचं म्हणणं. कागदही त्यातच राहतील, म्हणजे तेच आधार कार्ड पुन्हा काढायला नको. विनय, याचे फोटो काढ हवे तितके.

बसेरा पालिकेचा, चालवायला संस्था. त्यामुळे दोघांची परवानगी लागेल. अर्ज मी हिंदीत लिहून ठेवला आहे. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून भाव मागवलाय, तो सोमवारी देतो म्हणाला, म्हणजे गुरुवार धरा. जादा किल्ल्या कुणाकडे राहाव्यात यावर मात्र त्या मुलाचं आणि माझं जमलं नाही. तो म्हणतो रजिस्टरवाल्याकडे, मी म्हणतो रजिस्टरवाल्याकडे बिलकुल नको, उद्या याची बदली झाली तर? मंजिरी, तुमच्याकडे काय करतात ते कळव. आणि त्याच्या पेट्रोलचं मी बघून राहिलो आहे, ते यादीत घालू नका.

श्रीकांत