मदत हवी आहे : डोक्यातला तांब्या जात नाही

नमस्कार मंडळी. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या. आता वीस वर्षांनी पुन्हा समोर बघून वस्तुचित्रं काढतेय. अडचण अशी, की तांब्याचं तोंड गोल असतं हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कागदावरही गोलच उतरतं. समोर दिसतं ते चपटं लंबवर्तुळ!

परवा कागदाकडे अजिबात न बघता, पेन न उचलता, नुसती कडेवरून नजर फिरवत काढला. आकार पार बिघडला, पण गळ्याजवळचा पोचा आणि त्यात अडकलेला खिडकीचा निळसर उजेड मला पहिल्यांदाच दिसला. रोज घासते हो मी तो तांब्या!

कागदाकडे बघितलं की मात्र पुन्हा तोच ठरीव आकार. वस्तूऐवजी भोवतीची मोकळी जागा आधी काढायचा सराव कुणी केलाय का? रोज किती वेळ? खोडरबर बंदच करू का?