मुरूड-अलिबाग पट्ट्यातल्या सर्वेक्षणात ‘वंश’ हा रकाना ठेवावा का?

खाडीकाठ:
एम.ए.च्या प्रकल्पासाठी मुरूड, राजपुरी, नवगाव भागात घरोघर सर्वेक्षण करायचं आहे. हाताशी असलेली प्रश्नावली अमेरिकन नमुन्याची आहे: गोरा, काळा, आशियाई वगैरे. त्यात सिद्दी (मूळचे आफ्रिकेतले), बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), कोकणी मुसलमान, कोळी कुठे बसवायचे? की रकानाच काढून टाकू?

सुरूबन:
ते पर्याय उचलू नका. तिथल्या गुलामगिरीतून आणि स्थलांतराच्या कायद्यांतून ते घडलेत, आणि तिथेही ते टिकून राहिलेले नाहीत. भारतीयांची नोंद १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ वंशाखाली झाली, १९७० मध्ये गोऱ्यांत, १९८० पासून आशियाईंत. ब्राझीलमध्ये माणूस आपला वर्ण स्वतः सांगतो. २०२२ मध्ये ४५.३ टक्के लोकांनी ‘पार्दो’, म्हणजे मिश्र, असं सांगितलं. पण रकाना उडवूही नका. फ्रान्सच्या जनगणनेत हा प्रश्नच नसतो, मग नोकरीतला भेदभाव दाखवायला संशोधकांना एकाच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून बघावं लागतं.

नारळीपोफळी:
सुरूबन यांच्याशी सहमत. आता कामाचं.

रंग बघून खूण करायची नाही, हे प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगा. बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन गट होते, पण ते कातडीवरून ठरत नसत. आई ज्यू नव्हती असं ज्या घराण्यांबद्दल मानलं जाई, ती काळ्यांत. त्यांच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. रेष लग्नात दिसते, म्हणून लग्नाचं विचारा.

एकाऐवजी तीन प्रश्न ठेवा. तुम्ही आपला समाज कोणता सांगता? गावातले बाकीचे तुम्हाला काय म्हणतात? घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं कुठल्या समाजात झाली? उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, पर्याय वाचून दाखवू नका. दाखवलेत की माणूस त्यातलाच एक उचलतो. धर्म आणि मातृभाषा वेगळ्या रकान्यांत. वीसेक घरं चाचणीला घेऊन मगच गट पाडा.

खाडीकाठ:
सिद्दींचा एकच गट धरला तर चालेल ना?

नारळीपोफळी:
नाही. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थानिक होते. उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यातल्या सिद्दींत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत आणि त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. दोघांचं मूळ आफ्रिकेतलं असलं तरी सत्ता आणि जमीन यांच्याशी नातं अगदी उलटं. पुढे कर्नाटकातली माहिती जोडलीत तर दोघांची सरासरी काढू नका, ती कुणाचीच नसेल.

सुरूबन:
एक राहिलं. बेने इस्राएलांची घरं आता मोजकीच उरलीत. गाव, समाज आणि धंदा एकत्र छापलात की घर कुणाचं ते सगळ्या तालुक्याला कळतं. अहवालात गावाऐवजी तालुका द्या, आणि तक्त्यात पाचाहून कमी घरं असलेला चौकोन शेजारच्या गटात मिळवा.