कॅश कंपनीची, प्लेज प्रमोटरचं
कुणीतरी म्हणतं की कंपनीकडे कॅश पडून आहे, मग प्रमोटरने (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकाने) कर्जासाठी स्वतःचे शेअर गहाण टाकले, म्हणजे प्लेज केले, तर काय बिघडलं. अहो, कॅश कंपनीची, कर्ज प्रमोटरचं, खिसे वेगळे (निदान कागदावर तरी!). २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीने कर्जाचे हप्ते चुकवले, बाजारात उधारी आटली, आणि जानेवारी २०१९ मध्ये झी या टीव्ही कंपनीचा शेअर, ज्यात प्रमोटरचं प्लेज होतं, एका दिवसात चौथाईहून जास्त पडला. शेअर पडला की कर्ज देणारा जादा तारण मागतो (हाच मार्जिन कॉल), नाही दिलं तर गहाण शेअर विकून मोकळा होतो, मग भाव अजून खाली. धोरणाचा भरवसा नसला की कंपन्या एरवीही कॅश धरून बसतात, नवीन प्लान्ट नंतर बघू म्हणतात, पण प्लेजवाल्याकडे ती सावधगिरी की मार्जिन कॉलची धास्ती, हे नुसत्या बॅलन्सशीटवरून कसं कळणार? सत्यम कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर, २००९ पासून, प्लेजचा आकडा जाहीर करावाच लागतो, आधी तो बघा.