अनुभव: घरच्या कॉम्प्युटरला इंटेल की एएमडी?

बाणेरकर
रविवारी माळा आवरताना बाबांचं जुनं कॅबिनेट निघालं. पुढे एएमडीच्या अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरचा स्टिकर अजून जागेवर. २००२ ची दिवाळी डोळ्यांसमोर आली. सोसायटीत तेव्हा चौघांकडे कॉम्प्युटर, चौघांकडेही इंटेलचा पेंटियम ४. बाबा बँकेत कारकून, पीएफमधून पैसे काढलेले, म्हणून दोन महिने वहीत कोटेशनं उतरवत होते. पुण्यात तापकीर गल्लीत तीन फेऱ्या, मी मागे.

दुकानदार म्हणायचा, साहेब, पेंटियम १.७ गिगाहर्ट्झ आहे, हा अ‍ॅथलॉन १७००+ नुसता नावाला, आत १.४७ च. आकडा खरा होता. पण बाबांनी कुठेतरी वाचलेलं की पेंटियम ४ ची पाइपलाइन, म्हणजे आतल्या कामाची साखळी, २० टप्प्यांची, ठोके (गिगाहर्ट्झ) जास्त पण दर ठोक्याला काम कमी. मला कळेना, तर म्हणाले, "आपण बरोबर चालतो तेव्हा तुझी पावलं जास्त पडतात. म्हणून तू माझ्यापुढे जातोस का?"

एएमडी घेतला. वाचलेल्या पैशांत १२८ ऐवजी २५६ एमबी रॅम. शेजारच्या काकांनी विचारलं होतं, आत इंटेल नाही, मग विंडोज चालेल का?

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या घरी कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, लिहा ना.

सांगलीचा_छापखाना
पावलांचं उदाहरण फार आवडलं. आमच्याकडे १९९९ साली एएमडीचा के६-२. पानं लावायला पेजमेकर आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी, बास. लग्नपत्रिका, उसाच्या पावत्या, वाढदिवसाची पोस्टर्स. अक्षरजुळणीला त्याने कधी अडवलं नाही. फोटोशॉपला मात्र घाम फुटायचा, कारण दशांशाच्या गणितात के६-२ पेंटियम २ च्या मागे होता. फिल्टर लावायचा आणि चहाला जायचं. पण त्या मशीनवर दोन बहिणींची लग्नं झाली, पत्रिकाही त्यावरच छापल्या.

माहेरवाशीण
आमच्याकडे मामा बोले घर हाले. मामा म्हणाले सेलेरॉन (इंटेलचाच, स्वस्तातला), आला सेलेरॉन. का ते आजवर कोणी विचारलं नाही 🙂 मला एमएस-सीआयटी करायचं होतं, क्लासमध्ये एका मशीनवर तिघी बसायचो. घरी आलं तर बारा तास लोडशेडिंग! प्रोसेसरपेक्षा यूपीएस जास्त लक्षात आहे, तो ओरडायला लागला की आई ओरडायची, आधी सेव्ह कर.

सांगलीचा_छापखाना
@माहेरवाशीण यूपीएसचं नावच काढू नका ताई. लग्नसराई आणि रात्री एक ते पाच लाईट. तेव्हाच काम.

रात्रपाळी
सेलेरॉन ३००ए!!! बोर्डाचा बस स्पीड ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा ४५०. आतली एल२ कॅशे (चिपमधली झटपट मेमरी) फक्त १२८ केबी पण पूर्ण वेगाने चालणारी. त्याआधीच्या सेलेरॉनला एल२ कॅशेच नव्हती. पेंटियम २ च्या पंगतीला बसायचा तो, खूप कमी पैशात. बाकी घरी जाऊन लिहितो, लोकलमध्ये आहे

फोंड्याचो
अ‍ॅथलॉन एक्सपीवाल्यांनो, चिपचा कोपरा किती जणांनी तोडला? वर धातूचं झाकण नसायचं, उघडं सिलिकॉन. कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबायची, आणि जोर एका बाजूला पडला की कट्ट. माझ्या हातून २००३ साली गेला. पहिल्या पगाराचा होता. तीन दिवस घरी कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी वडिलांनी स्वतःच विचारलं, कॉम्प्युटर बंद का? आणि न बोलता पैसे काढून दिले. अजून आठवलं की गळ्याशी येतं.

बाणेरकर
@फोंड्याचो 🙏 बाबांनी आमच्या दुकानदाराला म्हणूनच हात लावू दिला, स्वतः लावला नाही.

एल्बकाठ
मी ड्रेस्डेनला असते. तुमच्या बाबांची चिप बहुधा इथलीच! एएमडीची फॅब ३०, म्हणजे चिपचा कारखाना, इथे, शहराच्या उत्तरेला, तेव्हाचे अ‍ॅथलॉन इथेच तयार व्हायचे. वेफर (चिप कोरलेली सिलिकॉनची चकती) इथे, पॅकिंग मलेशियात, म्हणून चिपवर मलेशिया लिहिलेलं असतं. २००९ पासून तो कारखाना ग्लोबलफाउंड्रीज कंपनीकडे आहे. नवरा त्याच बाजूला कामाला आहे, आज घरी आला की त्याला पावलांची गोष्ट सांगणार.

बाकी इथे आज बर्फ आणि मी थालीपीठ लावलंय.

माहेरवाशीण
@एल्बकाठ भाजणी कुठून मिळते तिकडे?

एल्बकाठ
@माहेरवाशीण आई पाठवते. संपत आली की मी रडते.

नागपूरकर_संत्रं
आमचे दोन पंथ. भाऊ इंटेल, मी एएमडी. २००४ ला मी अ‍ॅथलॉन ६४ घेतला, आणि भाऊ म्हणे ६४ बिटचं काय लोणचं घालतो का? पुढे इंटेलनेही तीच एएमडीची ६४ बिटची पद्धत उचलली, तेव्हा मी त्याला सावजीत नेऊन मटण खाऊ घातलं. मग २००६ ला कोअर २ ड्युओ आला. भावाने त्यावर माझाच व्हिडिओ निम्म्या वेळात एक्स्पोर्ट करून दाखवला. त्या दिवशी मटण त्याने खाऊ घातलं. तेव्हापासून आमच्यात ठरलंय, ब्रँड नाही बघायचा, त्या वर्षीची चिप बघायची.

रात्रपाळी
@नागपूरकर_संत्रं एक नंबर. आता घरी आलो. मी २०१७ ला एएमडीचा रायझन ५ १६०० घेतला. २०२२ मध्ये त्याच बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि रायझन ५ ५६०० बसवला. रॅम तीच, बोर्ड तोच. पाच वर्षांनी फक्त चिप बदलायला मिळते हे मध्यमवर्गीय घराला केवढं मोठं आहे! मी एएमडीकडे राहिलो तो यासाठी.

फोंड्याचो
@रात्रपाळी एएम४ ला (तुमच्या रायझनचं सॉकेट) कूलर काढताना सरळ ओढू नका हां. चिप आणि कूलरमधली पेस्ट वाळलेली असते, कूलरबरोबर चिपही सॉकेटमधून उपटून येते, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करायचं, बंद करून कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवायचा, मग उचलायचा. वाकलेली पिन जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरळ होते. पुढच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डात गेल्या, तिकडे बोर्ड जपा.

साताऱ्याची_सून
मध्येच विचारते, राग मानू नका. लेक यंदा इंजिनिअरिंगला जातेय, घरी डेस्कटॉप करायचाय, गेम नाही, कोडिंग आणि थोडं ऑटोकॅड. काय घेऊ? मागच्या वेळी दिरांनी नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल आणला, ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीन काळी. दोन दिवस मॉनिटर बदलून बघितले.

रात्रपाळी
@साताऱ्याची_सून ताई, एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत उलटं, जी असेल तरच ग्राफिक्स, जसं ५६००जी. ७००० पासून बहुतेक चिपांत थोडं असतंच. इंटेल घेतलात तर एफ नसलेला घ्या. १३व्या-१४व्या पिढीचा असेल तर पहिल्या दिवशी बायोस अपडेट करा. त्यांच्या काही चिपा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर व्हायच्या, हे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पैसे उरले तर १६ जीबीच्या दोन रॅम. एकच ३२ ची नको, आतलं ग्राफिक्स दोन पट्ट्यांवर जास्त पळतं.

साताऱ्याची_सून
लिहून घेतलं. खूप धन्यवाद दादा. लेक शेजारी बसून वाचतेय.

बाणेरकर
एक मदत हवी. त्या कॅबिनेटमध्ये ४० जीबीची हार्ड डिस्क आहे. बाबा त्यावर गावच्या आठवणी टाइप करायचे. आज वायर लावून सुरू करून बघू का?

फोंड्याचो
@बाणेरकर थांबा!! पॉवर देऊ नका. आधी बाजूचं झाकण काढून बोर्डावरचे कपॅसिटर बघा, ती उभी नळकांडी. त्या काळातल्या कित्येक बोर्डांवरचे फुगून फुटायचे. माथा सपाट हवा.

सांगलीचा_छापखाना
आणि डिस्क बाहेर काढून वेगळी वाचा. आयडीई (जुन्या डिस्कची जोडणी) ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, ४० पिनी केबलचा. सोबत वेगळा अ‍ॅडॉप्टर येतो तोच घ्या, नुसत्या यूएसबीवर ती डिस्क फिरणार नाही. डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा. अक्षरं चौकोनी दिसली तर घाबरू नका, जुन्या फाँटचा मजकूर असेल, मला पाठवा, युनिकोडमध्ये आणून देतो. पैसे नकोत.

बाणेरकर
झाकण काढलं. प्रोसेसरजवळचे तीन फुगलेत. बरं झालं विचारलं. शनिवारी कन्व्हर्टर आणायला तापकीर गल्लीत जातो.

रात्रपाळी
@बाणेरकर शनिवारी अकराला मीही तिकडेच, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्यायचाय. पासोड्या विठोबापाशी भेटू?

बाणेरकर
@रात्रपाळी भेटू. बाबांची वही घेऊन येतो.