चार रात्रींत रेवस ते रेडी: फिरणं की नुसतं गाडी हाकणं?

स्टेपनी (धागाकर्ता)

डिसेंबरात सुट्ट्या जुळून आल्यात. मी, बायको, नववीतला मुलगा आणि सत्तरीची आई. गाडी साधी हॅचबॅक. आजवर आमचं कोकण म्हणजे एकदा गणपतीपुळे, एकदा तारकर्ली, आणि जाता-येता मुंबई-गोवा हायवेवर शिव्या. त्या ६६ नंबरचं चौपदरीकरण २०११ पासून बघतोय, तेव्हा हा मुलगा जन्मायचा होता. या खेपेला त्याला शिवायचंच नाही असं ठरवलंय. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि अलिबागजवळच्या रेवसपासून खाली उतरत जायचं. पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे रोजचे सव्वाशे. मुक्काम: दिवेआगर, गुहागर, जैतापूरच्या अलीकडे कुठेतरी, आणि मालवण. पाचव्या दिवशी गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीच्या गणपतीला हात जोडून आंबोलीने घरी.

मित्र म्हणतात वेडेपणा आहे. माझं म्हणणं, रस्ता हीच सहल. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना शेखाडीजवळ रस्ता पाण्याला इतका चिकटून जातो की काच खाली केली तर तुषार आत येतात. असा रस्ता सोडून एकाच खोलीत चार दिवस काढायचे, तर मग लोणावळा काय वाईट? बिनधास्त मतं द्या.

खाडीपल्याड

बिनधास्त म्हणालात म्हणून. रोजचे सव्वाशे हा भागाकार घाटावरचा आहे. आमच्याकडे अंतर किलोमीटरमध्ये नसतं, खाड्यांमध्ये असतं.

तुमचा दुसरा दिवसच बघा. दिवेआगर सोडलं, हरिहरेश्वर केलं. मग बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी. फेरीबोटीने वेशवीला उतरलात की बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्लं, हर्णै, दापोलीकडचं मुरूड. यातलं प्रत्येक गाव खाली पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, आणि मधला रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. म्हणजे घाटी चढा, कातळावरून जा, घाटी उतरा, गावातल्या गडग्यांच्या मधून समोरच्या एसटीला वाट द्या, परत चढा. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर पडले तर नशीब. आणि हे सगळं करून दाभोळला पोचलात की वाशिष्ठी आडवी. पलीकडे धोपावं दिसतंय, पण बोट आत्ताच सुटलीय. शेवटची चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा, अंधारात. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो हो.

माझा सल्ला: दोन खाड्यांमधला एकच तुकडा घ्या. सावित्री ते वाशिष्ठी. चार रात्री त्यालाही कमी पडतील.

सरळसोट

मला हा जेटीचा, फेरीबोटीचा सोसच कळत नाही. नवीन झालेला हायवे काही वाईट नाही, कशेडीचा बोगदाही झालाय. चिपळूणला किंवा रत्नागिरीला चांगलं हॉटेल घ्या, सकाळी किनाऱ्याला उतरा, रात्री परत या. सामान रोज बांधायला नको, आईंना रोज नवीन गादी नको.

रिव्हर्स गिअर

सरळसोट, चिपळूणहून गुहागर एका बाजूचं पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. रोज जाऊन-येऊन तेवढंच ड्रायव्हिंग झालं, वर संध्याकाळ समुद्रावर नाहीच. हे म्हणजे लग्नाला जाऊन पार्किंगमध्ये जेवणं.

स्टेपनी, तुम्ही जा. जेटीला वेळखाऊ म्हणणाऱ्यांनी आगरदांड्याला एकदा उभं राहून बघावं. बोटीचा लोखंडी फळका धक्क्यावर खण्णकन आपटतो, आधी दुचाकी आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका उतरतात, मग गाड्या. आम्हाला उलटी चढवायला लावली होती. खलाशी एका हाताने ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत होता आणि दुसऱ्या हातात त्याचा चहा. थेंब सांडला नाही. हँडब्रेक ओढून वर गेलो तर मागे लांबवर जंजिरा. माझ्या मुलाला त्या ट्रिपमधलं तेवढंच आठवतं, सतराशे रुपयांचं रिसॉर्ट आठवत नाही.

आणि खाडीपल्याड, तुम्ही चित्र अर्धंच दाखवलंत. दिघी, बागमांडला, दाभोळ, तवसाळ या चार जेट्या रत्नागिरीच्या वर आहेत. त्यातली तवसाळ-जयगड चुकली तर भातगावच्या पुलावरून जाता येतं. खाली भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, सगळीकडे पूल. दक्षिणेत वेग वाढतो.

खाडीपल्याड

वेग वाढतो म्हणूनच माणसं पूर्णगड ते जैतापूर न थांबता जातात. मध्ये कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला अख्खा हत्ती आहे, पोटात इतर प्राणी असलेला. रस्त्यावरून दिसत नाही, उतरून कातळावर चालावं लागतं. तुमच्या प्लॅनमध्ये त्याला वेळ कुठाय? सिंधुदुर्गाचंही तेच. १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं बांधलेला किल्ला, आणि होडीवाला तासाभरात परत बोलावतो. पर्यटक एवढ्यात बाहेर पडतो याची त्यालाही सवय झालीय.

आगरातली

माझा मुद्दा वेगळा आहे. आम्ही दोन खोल्या भाड्याने देतो, गाव सांगत नाही. धावत्या गिऱ्हाईकाचा फोन रात्री आठला येतो: “अर्ध्या तासात पोचतोय, चौघांचं मासे-जेवण करा.” अहो, मासळी सकाळी घ्यायची असते. नारळ खवायचा, वाटण पाट्यावर नाही तरी मिक्सरला लावायचं, भाकऱ्या गरम हव्यात. मग फ्रीजमधला बांगडा मिळतो आणि जाताना म्हणतात, कोकणात आता पूर्वीची चव राहिली नाही. दोन रात्री राहणाऱ्याला मी दुसऱ्या सकाळी घावन घालते. एका रात्रीवाल्याला पोहे. यात राग नाही, हिशेब आहे.

स्टेपनी

आगरातली, हे वाचून जरा ओशाळलो. मागच्या वेळी आम्ही हेच केलं होतं, आणि तेच वाक्यही म्हणालो होतो.

पण खाडीपल्याड, मला एक सांगा. एकच तालुका नीट बघा, हे तुमच्यासारख्या तिथल्या माणसाला सोपं आहे. आई पुन्हा किती वेळा येणार? तिला विजयदुर्ग बघायचाय, मालवणही बघायचंय. तिला “या वर्षी फक्त दापोली” कसं सांगू?

खाडीपल्याड

हा मुद्दा मान्य. मग आईंनाच विचारून उलटं करा. वरचं सोडा, खालचं घ्या. आंबा घाटाने थेट रत्नागिरीला उतरा. विजयदुर्गाजवळ दोन रात्री, मालवणला दोन. जेटी एकही नाही.

रिव्हर्स गिअर

म्हणजे शेखाडी गेली, जंजिरा गेला आणि मुलाची बोटही गेली! आईंचं नाव पुढे करून धागाच पळवला.

सड्यावरचा

कुठूनही या, गाडी पुळणीवर घालू नका एवढंच. आमच्याकडे दर शनिवारी एक तरी रुततेच. परवा एकाने फोटोसाठी पार पाण्याशी नेली. पौर्णिमेचं उधाण, पाणी चढायला लागलं, चाक जितकं फिरवावं तितकं खाली. ट्रॅक्टर आणला तोवर दरवाज्याच्या कडेला लाटा लागत होत्या. गाडी निघाली, पण सीटखाली वाळू आणि इंजिनात खारं पाणी. वर आम्हालाच विचारतो, “इथे बोर्ड का लावला नाही?” समुद्राला बोर्ड लावू होय?

मालवणी तडको

गजालीक येळ नाय तर येतास कित्याक? बाकी चालू दे.

स्टेपनी

घरी बैठक झाली. आईने दोन्ही बाजूंना झटका दिला. म्हणाली, विजयदुर्ग राहू दे, मला लग्नाआधी वडिलांबरोबर हरिहरेश्वर केलेलं आठवतंय, तिथे ने. मुलाला बोट हवीच.

तर नवा बेत: मुरूड-जंजिरा, आगरदांड्याहून दिघी, दिवेआगरला दोन रात्री (आगरातली, आदल्या दिवशी जेवण सांगणार). मग हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, केळशीला दोन रात्री, आणि ताम्हिणीने परत. दाभोळ ओलांडायचं नाही. रेडी रद्द. हार मानली असं नाही. जानेवारीत मी एकटा मोटारसायकलवर रेवस ते रेडी करणारच आहे.

खाडीपल्याड

केळशीला दोन रात्री म्हणजे संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव बघून या. वेळासला कासवाची पिल्लं मात्र डिसेंबरात नाहीत, फेब्रुवारीनंतर. मुलाला आधीच सांगा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची तिथी बघितलीत का? ती वाट ओहोटीलाच करायची, भरतीला लाट अंगावर येते.

स्टेपनी

एकादशी आहे. याचं काय करायचं?

खाडीपल्याड

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते.

स्टेपनी

अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे ओहोटी सव्वादोनच्या सुमारास. आरामात जेवून प्रदक्षिणा.

खाडीपल्याड

प्रदक्षिणा आधी, जेवण मागून. एकादशीला भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती-ओहोटी, पुरता सरलेला नसतो, पाणी फार मागे जात नाही. दीडलाच खाली उतरा आणि तिथल्या माणसाला विचारून उतरा. पायऱ्या कातळातल्या आहेत, आईंना वर देवळातच बसू दे.

स्टेपनी

ती ऐकणार नाही. म्हणते, तेव्हा परकर-पोलक्यात उतरले होते, आता काय झालं.