एपिड्यूरल घ्यावं की नाही: "बघू ऐनवेळी" म्हणण्यातच घोळ आहे

अबोली (धागाकर्ती):
धाकट्या बहिणीला ३४ वा आठवडा लागलाय. परवा फोनवर तिनं विचारलं, "ताई, एपिड्यूरल घेऊ की नको?" म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत बारीक नळी घालून देतात ती भूल. माझी दोन बाळंतपणं झाली, एक न घेता आणि एक घेऊन, म्हणून घरात मी तज्ज्ञ. तिला जे सांगितलं तेच इथे मांडते. पटलं नाही तर खुशाल तुटून पडा.

पहिल्या वेळी घेतलं नाही ते काही तत्त्व म्हणून नव्हे. नऊ महिने "बघू ऐनवेळी" म्हणत राहिले. ऐनवेळी कळा दोन-दोन मिनिटांवर आल्या आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या एका सिझरमध्ये अडकलेले. ते मोकळे होईपर्यंत पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मग जो तो "काहीही न घेता झाली हो!" म्हणून कौतुक करायला लागला. मी गप्प. शौर्य कसलं, माझा नंबर लागला नव्हता इतकंच.

दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना भेटून आले. प्रत्यक्षात सगळ्यात अवघड काम होतं हलायचं नाही हे. पलंगाच्या कडेला बसून उशी पोटाशी धरायची, हनुवटी छातीला, पाठीचा कोळंबीसारखा बाक करायचा, आणि नेमकी तेव्हाच कळ येते. सिस्टरनी माझे दोन्ही खांदे धरून ठेवले होते. पाठीला आधी गार पुसणं, मग एक डंख, मग नुसता दाब. पंधरा-वीस मिनिटांनी शेजारच्या मॉनिटरच्या कागदावर कळेचा डोंगर चढताना दिसत होता आणि मला पोटावर फक्त आवळल्यासारखं वाटत होतं. दोन तास झोपले. उठून बाळ ढकललं, पूर्ण शुद्धीत.

माझं मत: घ्यायचं असं आधीच ठरवून टाका. कळा सोसण्यात बाईच्या खात्यात काही जमा होत नाही. दाढ काढताना कुणी म्हणतं का, की भूल न घेता काढ, मगच दात खरा?

निशिगंध:
दाढेचा दाखला नेहमीचा आणि नेहमी चुकीचा. दाढ काढताना आपण खुर्चीत आ वासून पडलेलो असतो, काम दुसरा करतो. इथे काम आपल्याला करायचं असतं.

मी विचार करून घेतलं नाही. पुण्य-बिण्य माझ्याही डोक्यात नव्हतं. मला फिरायचं होतं. कळ आली की खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकून कंबर हलवायची, ओसरली की पुन्हा चालायला लागायचं. शेवटचा तास गरम पाण्याच्या शॉवरखाली काढला. एपिड्यूरल घेतलं की हाताला सलाईन, दंडाला बीपीचा पट्टा, पोटावर मॉनिटरचे पट्टे, पाठीत नळी आणि बहुतेकदा लघवीलाही नळी. तुम्हाला दोन तास झोप मिळाली, आनंद आहे. पण "कळ गेली" एवढंच सांगून बाकीचा हिशेब झाकू नका.

आणि दुखलं का? बेदम. शेवटी शेवटी मी एक असा आवाज काढत होते की तो माझाच आहे हे मला उशिरा कळलं.

टाचणी:
माझी गंमत ऐका. मी "आधीच ठरवलेली" होते, भेटही घेतली होती, सगळं शिस्तीत. इंजेक्शन दिल्यावर उजवी मांडी ओंडका झाली आणि डावीकडे कळा जशाच्या तशा. अर्ध्या पोटात बाळंतपण चालू, अर्ध्यात सुट्टी. नळी थोडी मागे ओढली, मला कुशीवर वळवलं, औषध वाढवलं, तरी डाव्या जांघेत एक पट्टा शेवटपर्यंत जळत राहिला.

खरी कथा पुढच्या दिवशी. उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की पाच मिनिटांत शांत. बाळाला पाजायचं ते आडवं पडूनच. चौथ्या दिवशी माझ्याच दंडातलं रक्त काढून पाठीत सोडलं, ब्लड पॅच म्हणतात, तेव्हा कुठे थांबलं. तेव्हा "घ्यायचं असं ठरवून टाका" हा सल्ला मी तरी कुणाला देणार नाही.

गुंगी_नाही:
पेशानं भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझा कल कुठे ते उघड आहे. तरी गैरसमज फिरत राहतात ते सांगतो.

टाचणी, तुमचं जे झालं ते खरं आणि वाईट. मणक्यांच्या आतल्या मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सुईनं भोक पडलं की आतलं पाणी झिरपतं आणि तशी डोकेदुखी होते. अंदाजे शंभरात एक. एपिड्यूरल नीट न लागणं मात्र बरंच सर्रास आहे, आठात एकीला दुसरा काहीतरी आधार लागतो किंवा नळी पुन्हा घालावी लागते. हे मी सहीच्या आधी प्रत्येकीला सांगतो. बीपी उतरणं, अंगाला खाज, थंडी भरल्यासारखी थरथर, कधी ताप, हेही होतं. ताप आला तर बाळाच्या रक्ताच्या तपासण्या वाढतात, हा त्रास कुणी मोजत नाही.

आता जे होत नाही ते. "एपिड्यूरलमुळे सिझर होतं": २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (बऱ्याच चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष) ४० चाचण्या आणि ११ हजारांहून जास्त बायका होत्या, सिझरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. "आयुष्यभर कंबर धरते": त्याच आढाव्यात लांबणाऱ्या कंबरदुखीतही फरक नाही. सुईची जागा काही दिवस हुळहुळते, ते वेगळं. कंबर नऊ महिने पोट वाहून दुखते आणि नंतर बाळ उचलून, पण आळ येतो सुईवर. बाळ ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लागण्याचं प्रमाण मात्र एकूणात वाढलेलं आहे. २००५ नंतरच्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर ती वाढ दिसत नाही, कारण आता औषध बरंच पातळ देतात. बाळ बाहेर यायला वेळ मात्र जास्त लागतो.

आणि "चार सेंटीमीटर उघडेपर्यंत थांबा" हा जुना नियम आता धरून बसू नये. बाई मागते, हेच पुरेसं कारण आहे.

टाचणी:
शंभरात एक म्हणजे तुमच्यासाठी एक टक्का. माझ्यासाठी ते चार दिवस होते.

गुंगी_नाही:
मान्य. याला उत्तर नाही माझ्याकडे.

जुनं_खोड:
हा वाद काही आजचा नाही. १८४७ मध्ये एडिंबरात जेम्स यंग सिम्सन यांनी बाळंतिणीला भूल दिली तेव्हाही "निसर्गात ढवळाढवळ" म्हणून ओरड झाली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानं क्लोरोफॉर्म हुंगून बाळंतपण केलं आणि बऱ्याच जणांची तोंडं मिटली. इथे अजून चालूच आहेत, बघून मजा वाटली.

निशिगंध:
जुनं_खोड, अर्धाच इतिहास सांगताय. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत बायकांनीच सभा घेऊन, लेख लिहून "ट्वायलाइट स्लीप" मागितली. मॉर्फिन आणि स्कोपोलामीन. त्यात वेदना पुरती थांबायची नाही, फक्त तिची आठवण पुसली जायची. बाया ओरडायच्या, हातपाय झाडायच्या म्हणून त्यांना बांधून ठेवायचे, आणि सकाळी त्या सांगायच्या की छान झालं. एपिड्यूरल तसं नाही हे मला कळतं. पण बाई शांत पडली म्हणजे तिचं सगळं बरं चाललंय, हे गृहीत धरायची सवय तेव्हापासूनची आहे.

रात्रपाळी:
लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली. निशिगंधचं शेवटचं वाक्य मी रोज बघते. एपिड्यूरल लागलं, बाई शांत झाली, की आमचाही पाय तिच्या खोलीकडे कमी वळतो. कारण शेजारच्या खोलीतली ओरडत असते. खरं तर हिलाच अर्ध्या-अर्ध्या तासानं कूस बदलून द्यायची असते, लघवी तुंबलीय का बघायचं असतं. तिचं तिला कळत नाही.

आणि उलट बाजूही बघितली आहे. "नैसर्गिक हवं" म्हणून आलेली पहिलटकरीण, सोबत कुणी नाही, पलंगावर उताणी, अंगावर मॉनिटर. तिला ना एपिड्यूरल मिळालं ना चालायला मिळालं. नैसर्गिकपणा तो कुठला? सतत एक माणूस शेजारी असलं तर आपसूक बाळंतपणं वाढतात, सिझर कमी होतात आणि दुखण्यावरची औषधंही कमी लागतात, हे २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे, २६ चाचण्यांचा. मला त्यासाठी आढावा लागला नाही, पण वरच्यांना दाखवायला उपयोगी पडतो.

निशिगंध, एक तुमच्याही विरुद्ध. उभं राहणं, चालणं पहिल्या टप्प्यात चांगलंच, प्रश्न नाही. पण एपिड्यूरल घेतलेल्या पहिलटकरणींमध्ये बाळ ढकलायच्या वेळी कुशीवर झोपलेल्यांची बाळंतपणं उभट बसलेल्यांपेक्षा जास्त आपसूक झाली, ४१ टक्के विरुद्ध ३५. २०१७ ची ब्रिटनमधली मोठी चाचणी आहे. आम्हालाही उलटंच वाटत होतं.

बाबा_झालो:
पुरुषानं इथे बोलावं का माहीत नाही. बायकोनं आधीपासून बजावलं होतं, "मी कितीही मागितलं तरी घेऊ देऊ नकोस." आणि बाराव्या तासाला ती माझी बाही धरून मागत होती. मी कोणतीचं ऐकायचं? मी "थोडं थांब" म्हणालो. अर्ध्या तासानं तिनंच सिस्टरना हाक मारली आणि घेतलं. त्या अर्ध्या तासाबद्दल ती काही बोलत नाही, मलाच ते अजून खुपतं.

अबोली:
हेच म्हणतेय मी! आधी "नको" ठरवणं हेही "बघू ऐनवेळी"इतकंच कच्चं. पलंगावरची बाई मागतेय तर द्या. आठव्या महिन्यातली बाई कळा न आलेली होती, तिला काय कळतंय?

निशिगंध:
मग आठव्या महिन्यात "हवं" म्हणणाऱ्या बाईला तरी काय कळतंय? तुमचाच नियम तुम्हालाच लागू होतो की.

शिवाय "मागतेय तर द्या" इतकं सोपं नाहीये ते. तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधी जवळपास प्रत्येक बाई "आता नाही होत माझ्याच्यानं" म्हणते. मीही म्हणाले होते. त्या क्षणी कुणी सुई पुढे केली असती तर घेतली असती आणि नंतर मला वाईट वाटलं असतं. आम्ही एक शब्द ठरवला होता, "छत्री". ओरडले, रडले, शिव्या दिल्या तरी ते सोसणं आहे असं समजायचं. "छत्री" म्हणाले की वाद न घालता भूलतज्ज्ञांना बोलवायचं. शब्द वापरावा लागला नाही, पण तो खिशात होता म्हणून मी तग धरला.

रात्रपाळी:
छत्री चांगली आहे. फक्त तो शब्द आम्हालाही सांगून ठेवा, नवरा चहाला गेलेला असतो.

अबोली:
निशिगंध, हे मला माहीत असतं तर पहिल्या वेळी उपयोगी पडलं असतं. दाढ मागे घेते. "आधीच ठरवा" मागे घेत नाही, फक्त "घ्यायचं" हा शब्द काढते. भेट, रिपोर्ट, भूलतज्ज्ञ रात्री हजर असतो की बोलवावा लागतो, हे सगळं आधी झालं पाहिजे. मग छत्री.

बहिणीनं धागा वाचला. तिचा प्रश्न, गुंगी_नाही यांना: मागच्या आठवड्यात प्लेटलेट (रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी) कमी, ९२ हजार आल्यात. मग हा विषयच संपला का?

गुंगी_नाही:
नाही. साधारण ७० हजारांच्या वर असतील आणि भराभर उतरत नसतील तर बहुतेक भूलतज्ज्ञ तयार होतात. पण ९२ हा एकच आकडा मला पुरणार नाही, आधीचा किती होता? दीड लाखावरून महिन्याभरात ९२ वर आल्या असतील तर गोष्ट वेगळी. बीपी वाढलंय का तेही बघायला हवं. या आठवड्यात पुन्हा तपासून दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे आणि तिथल्या भूलतज्ज्ञांकडे जायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला तेही लिहून न्या.

अबोली:
आधीचा १ लाख १० हजार, दोन महिन्यांपूर्वीचा. बीपी परवा ठीक होतं. उद्या सकाळी जातेय ती. मीही जाते सोबत.