परदेशातील मूल दत्तक घेताना ‘देवाचे पाचारण’ हे कारण पुरेसे आहे का?

औदुंबर (धागाकर्ता)

अमेरिकेत माझ्या परिचयाचे एक इव्हॅन्जेलिकल (बायबलच्या वचनांना सर्वोच्च मानणाऱ्या पंथाचे) ख्रिस्ती दांपत्य आहे. स्वतःची तीन मुले असूनही ते कोलंबियातील दोन भावंडांना दत्तक घेण्याच्या तयारीत आहे, कारण देवाने आपल्याला या कामासाठी पाचारण केले आहे अशी दोघांची ठाम धारणा आहे. त्यांचा आधार बायबलमधील याकोबाच्या पत्रातील 1:27 हे वचन. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांची विचारपूस करणे हे देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्माचरण होय, असा त्याचा आशय आहे. खर्चासाठी त्यांच्या चर्चची मंडळी वर्गणीही गोळा करीत आहे.

त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आक्षेप आहे तो त्या कारणाच्या स्वरूपावर. एखाद्या निर्णयाला देवाची आज्ञा म्हटले की मध्येच थांबणे ही अवज्ञा ठरते, आणि दत्तक प्रक्रियेत तर योग्य वेळी थांबता येणे फार महत्त्वाचे असते. शिवाय ‘अनाथ’ हा शब्दच फसवा आहे. युनिसेफच्या व्याख्येनुसार आईवडिलांपैकी एकाचा मृत्यू झालेले मूलही अनाथ गणले जाते. 2015 सालच्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे 14 कोटी मुले होती, परंतु त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली मुले दीड कोटींच्या आसपासच होती. बाकीच्यांची आई किंवा वडील हयात होते. ज्या वचनात अनाथाच्या शेजारीच विधवाही उभी आहे, त्या वचनाचे पालन करताना विधवेला सोडून केवळ तिचे मूल आणायचे, हे मला पटत नाही.

रानजाई

मी स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणून जरा सविस्तर असहमती नोंदवते. आपण एकच वचन घेतलेत, पण या विषयाचे मूळ बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ‘दत्तकपणाचा आत्मा’ असा उल्लेख येतो, आणि इफिसकरांस पत्रातही देवाने आपल्याला दत्तक घेण्याचे आधीच योजिले होते असे म्हटले आहे. विश्वासी माणूस स्वतःलाच दत्तक घेतलेले मूल समजतो. त्यामुळे घरी येणारे मूल हे त्याच्या दयेचा विषय नसते, ते त्याच्याच पंक्तीला बसते. (प्रत्यक्षात सगळीकडे असे घडते असा माझा दावा नाही.)

हॅरी आणि बर्था होल्ट या ओरेगनमधील शेतकरी दांपत्याने 1955 साली कोरियन युद्धानंतरची आठ मुले दत्तक घेतली, तेव्हा त्यासाठी अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करावा लागला होता. परदेशी सैनिकांपासून झालेल्या मुलांना तेव्हा कोरियन समाजात थारा नव्हता. विधवेला मदत अवश्य करावी. पण जे मूल आज आठ वर्षांचे आहे आणि ज्याचे संस्थेबाहेर कोणीच नाही, त्याने व्यवस्था सुधारेपर्यंत किती वर्षे वाट पाहायची?

कागदपत्रे

होल्ट यांचे उदाहरण दुधारी आहे. त्यांनी सुरू केलेल्या कामात पालक कोरियात न जाताच मुखत्यारपत्रावर दत्तक घेत. पालक कसे आहेत यापेक्षा त्यांची श्रद्धा अधिक पाहिली जाते, अशी टीका समाजकार्यकर्त्यांनी त्याच काळात केली होती. पुढे परदेशी दत्तक हा कोरियात मोठा व्यवहार झाला. तेथील सत्य आणि सलोखा आयोगाने मार्च 2025 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत आईवडील असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद करणे, मुलांची अदलाबदल करणे, जन्मदात्यांची रीतसर संमती न घेणे, असे सगळे आहे.

हैतीतील 2010 चा भूकंपही आठवावा. अमेरिकेतील दहा बाप्टिस्ट स्वयंसेवकांना 33 मुलांना सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना अटक झाली होती, आणि त्यांतील बहुतेक मुलांचे पालक हयात असल्याचे नंतर उघड झाले. ही माणसे दुष्ट नव्हती. आपण चांगलेच काम करीत आहोत या खात्रीपोटी त्यांना कागद दुय्यम वाटले, आणि मला भीती त्या खात्रीचीच वाटते.

तळटीप

दोघांनाही थोडे वर्तमानात आणतो. अमेरिकेत 2004 साली जवळपास 23,000 मुले परदेशातून दत्तक आली, 2023 साली हा आकडा 1,300 च्याही आत होता. इथिओपियाने 2018 मध्ये आणि चीनने 2024 मध्ये हा मार्ग जवळजवळ बंदच केला. परदेशी दत्तकासंबंधीचा 1993 चा आंतरराष्ट्रीय हेग करार अमेरिकेत 2008 पासून लागू आहे, आणि मुलाला स्वदेशात योग्य कुटुंब मिळते का हे आधी पाहावे असे तो सांगतो. आता येणारी मुले बहुधा वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा अपंगत्व असलेली असतात. या दांपत्याला होल्ट यांच्या काळाचे माप लावू नये.

औदुंबर

मान्य. पण मग अमेरिकेतच फॉस्टर केअरमध्ये (घरापासून दूर, सरकारी देखरेखीखालील तात्पुरत्या संगोपनात) तीन लाखांहून अधिक मुले असताना पाचारण नेमके परदेशातूनच कसे येते?

रानजाई

कारण फॉस्टर केअरचा पहिला उद्देश मूल जन्मदात्या कुटुंबात परत जावे हा असतो. दत्तक घेण्याच्या इच्छेने तिथे गेलेले पालक मनातून ते कुटुंब सावरू नये अशीच आशा करू लागतात. आपला आक्षेप तिथे अधिकच लागू पडेल.

कागदपत्रे

हा मुद्दा निरुत्तर करणारा आहे, हे कबूल करतो. तरी आणखी एक गोष्ट नोंदवतो. दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा 2000 सालचा अमेरिकन कायदा 27 फेब्रुवारी 2001 रोजी लागू झाला, आणि त्या दिवशी ज्यांनी अठरा वर्षे पूर्ण केली होती ते त्यातून वगळले गेले. त्यांच्यापैकी अनेकांच्या पालकांनी मुलांना प्रार्थना शिकवली, प्रेमही दिले, पण नागरिकत्वाचा अर्ज भरला नाही. काहींना प्रौढ वयात, भाषाही येत नसलेल्या देशात परत पाठवले गेले.

औदुंबर

या चर्चेतील काही मुद्दे मी त्या दांपत्याला कळवले. संमतीची मूळ स्पॅनिश कागदपत्रे संस्थेबाहेरील अनुवादकाकडून वाचून घेण्याचे त्यांनी मान्य केले. मात्र मुलांची जन्मदाती हयात निघाली आणि तिला ती परत हवी असतील तर काय कराल, असे विचारल्यावर दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

रानजाई

मग होम स्टडीच्या (दत्तक घेणाऱ्या कुटुंबाच्या तपासणीच्या) मुलाखतीत ती दोन्ही उत्तरे जशीच्या तशी सांगावीत, असे त्यांना माझ्यातर्फे कळवा. पाळकांसमोरही.